छातीखालची जागा

कातरीनबाय गुराला हात लावायची तो शेपटीकडून. विकणारा माणूस म्हशीचं तोंड धुतो, शिंगांना तेल चोपडतो, गळ्यात नवी घंटा बांधतो. शेपटीकडे बघायची त्याला आठवण राहत नाही, आणि जिथे माणसाला आठवण राहत नाही तिथे जनावर खरं बोलतं, असं तिचं म्हणणं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती. पण कोंडिविट्यापासून चकाल्यापर्यंत कुणाला म्हैस घ्यायची झाली, तर आधी तिच्या ओट्यावर येऊन बसावं लागे. गावठाणातले ख्रिस्ती येत, कोकणातून येऊन मरोळला राहिलेले येत. एकदा घाटकोपरहून एक गवळी म्हशीसकट चालत आला होता आणि नकार ऐकून म्हशीसकट चालत परत गेला होता.

लुगड्याचा पदर कमरेला खोचून ती म्हशीच्या मागे उभी राही. शेपटी मागच्या ढोपराखाली उतरलेली हवी आणि गोंडा भरगच्च हवा. आखूड शेपटीची म्हैस दिवसभर माश्या हाकलण्यातच दमते, मग दूध कुठून देणार? पुठ्ठा रुंद असला म्हणजे पारडू सुखाने उतरतं. कासेवर तळहात ठेवून ती डोळे मिटायची. धार काढल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडली तर ती दुधाची. तशीच टणक राहिली तर मांसाची, नुसती दाखवायची. पोटाखालून पुढे गेलेली दुधाची शीर ती बोटाने चाचपत जाई. शीर जितकी जाड आणि वाकडीतिकडी, तितकं रक्त कासेला जास्त. डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून ती गप्प उभी राही. आतून पोटाने मुठीला ढकललं की जनावराची चक्की चालू आहे. मग खुरं, त्यांच्या बेचकीत वास येतो का. मग बरगड्या, मान, कानाचं मूळ. शिंगांवरची वळी ती बघायची, पण त्यांच्यावर भरवसा ठेवायची नाही. कानशीने शिंग घासून म्हशीला तरणी करणारे तिने पाहिले होते. मग दात. सगळ्यात शेवटी नाकाड. नाकाडावर दवासारखा घाम असला, की म्हशीच्या कपाळावर थाप मारून म्हणायची, "घे." घाम नसला, की विकणाऱ्याला म्हणायची, "घरी ने. आणि तिला औषध पाजताना थोडं तू पण पी, तुझी नजर बरी दिसत नाय."

एवढ्या सगळ्यात एका जागेला तिचा हात कधी लागत नसे. पुढच्या दोन पायांच्या मधली, छातीखालची जागा.

"ते हाड," ती म्हणायची. "हाडाला काय विचारायचं?"

हाडाच्या आतलं काय, हे तिला पहिल्यांदा विचारलं ते सुनेने. मॉनिका वर्सोव्याची, कोळ्यांच्या घरातली, हर्बर्टशी लग्न करून पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात कोंडिविट्याला आली. गोठ्यात पहिल्यांदा पाय टाकला तेव्हा तिने नाक मुरडलं नाही, हे कातरीनबायने पाहिलं होतं. पण पाहिलेलं सगळं सुनेला सांगायचं नसतं.

"आमच्याकडे मासा कल्ला उघडून घेतात, आय," मॉनिका एकदा म्हणाली. "वरून चकचकीत असला तरी आत लाल हाय का काळा, ते बघतात. तुम्ही गुराचं आत कसं बघता?"

"गुरं काय टोपलीत येतात? बोंबलासारखी म्हैस उघडून बघितली, तर मग दूध कोणाचं काढायचं, तुझं?"

ओट्यावर बसलेली माणसं हसली. मॉनिकाही हसली आणि शेणाची टोपली उचलून आत गेली. ती उलटून बोलत नसे, आणि त्यामुळे कातरीनबायला आणखी एखादं वाक्य बोलायची इच्छा होई.

गोठ्यात तीन जनावरं होती. नांगराचे दोन हेले, आणि चांदी. चांदीच्या कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. ती कातरीनबायच्या हातावर जन्मलेली. तिची आई बाळंतपणात गेली, तेव्हा कातरीनबायने तिला चिंधी भिजवून दूध पाजलं होतं. हाक मारली की शेताच्या त्या टोकाहून यायची, आणि आली की जीभ काढून तिच्या हातावरचं मीठ चाटायची. त्या खरखरीत जिभेने कातरीनबायच्या मनगटाची कातडी एका जागी गुळगुळीत झाली होती.

त्या वर्षीचा आगेरा आला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताची पहिली कापणी होते. फादर शेतात येऊन भातावर तीर्थ शिंपडतात, मग सजवलेल्या गाडीतून, वाजंत्री लावून, पेंड्या देवळात नेतात. प्रत्येक घराची एक पेंडी. घरी आल्यावर त्यातल्या लोंब्या देवाच्या फळीवर लावायच्या, आणि ओंजळभर लोंब्या शेतात राबलेल्या गुरांना स्वतःच्या हाताने भरवायच्या. हे काम घरातल्या थोरल्या बाईचं. कातरीनबायच्या सासूने ते मरेपर्यंत सोडलं नव्हतं, आणि कातरीनबायही सोडणार नव्हती.

आदल्या वर्षी गाडीवर सर्वांत पुढे शेजारच्या ल्युसीची पेंडी लागली होती. ल्युसीने तिच्यात कागदाची फुलं खोवली होती. देवळातून घरी येईपर्यंत कातरीनबाय एक शब्द बोलली नाही, आणि ती गप्प बसली म्हणजे घरातली माणसं भांडी सुद्धा हळू ठेवत.

या वर्षी तिने हर्बर्टला सांगितलं, "तुझ्या कारखान्यात तार मिळते ना? बारीक, पण ताठ. सात तुकडे आण. वीतभर."

हर्बर्ट त्या वर्षी अंधेरी-कुर्ला रस्त्यावर नवीन निघालेल्या खिळ्यांच्या कारखान्यात लागला होता. पहाटे नांगर, मग कारखाना. आईला ते आवडलं नव्हतं. पण त्या दिवशी मागितलेली तार तो घेऊन आला, आणि ती तिने घेतली. सासूसुनेने मिळून सात फुलं केली. पाकळ्या मॉनिकाने कापल्या. तारेच्या टोकाला भाताचा दाणा धरून त्यावर तीन वेढे द्यायचे आणि शेवटचं टोक आत वळवायचं, म्हणजे कागद निसटत नाही, ही युक्ती कातरीनबायची. वेढे तिने कुणाला देऊ दिले नाहीत. दोऱ्याची फुलं माना टाकतात. तिची सातही ताठ उभी राहिली, आणि गाडीवर तिची पेंडी सर्वांत पुढे लागली.

घरी आल्यावर तिने फुलं काढून देवाच्या फळीवरच्या पेल्यात ठेवली. मॉनिका म्हणाली, "आय, सहाच हायत."

"मिरवणुकीत पडलं असेल एक. रस्त्यात काय कमी खड्डे हायत?"

मग ओंजळीत लोंब्या घेऊन ती गोठ्यात गेली. हेल्यांना दिल्या. उरलेल्या सगळ्या चांदीला. चांदीने जीभ बाहेर काढली आणि एका फेऱ्यात तिची ओंजळ रिकामी केली.

फेब्रुवारीत चांदी आठ महिन्यांची गाभण होती. एका सकाळी तिने पेंड हुंगून सोडून दिली. दुसऱ्या दिवशी रवंथ थांबला. कातरीनबायने कुशीत मूठ दाबली. आतून काही ढकललं गेलं नाही. तिने ओवा, सुंठ, काळं मीठ आणि गूळ उकळून नळीने पाजलं. "गॅस धरलाय," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी चांदीने थोडं गवत खाल्लं आणि कातरीनबायने सगळ्यांकडे अशी नजर टाकली, की पुढे कुणी काही विचारू नये.

पण चांदी बदलली होती. बसताना कण्हायची. तळ्याकडे जाणारा उतार आला की पाय रोवून उभी राहायची आणि चढावर मात्र निमूट चालायची. उभी राहिली की पुढच्या पायांची कोपरं बाहेर टाकून राही, काखेत फोड झालेल्या माणसासारखी. नाकाड कोरडं पडलं होतं. कातरीनबायने शेपटीपासून नाकाडापर्यंत तिला दोनदा चाचपलं, आणि दोन्ही वेळा तिच्या हाताला उत्तर मिळालं नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"आय," मॉनिका गोठा झाडता झाडता थांबून म्हणाली, "हिच्या छातीखाली सूज हाय. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो."

"घरात येऊन वर्ष नाय झालं, आणि मला गुरं शिकवते."

"शिकवत नाय. लागलं हाताला, म्हणून सांगितलं."

"गाभण जनावराला सूज येतेच. जा, पाणी भर."

हर्बर्टने त्याच दिवशी अर्धी रजा टाकून सरकारी गुरांच्या दवाखान्यातला डॉक्टर आणला. डॉक्टरचं नाव नंदकिशोर. सडपातळ, चष्मा, पायात बूट. कातरीनबायने बुटांकडे पाहिलं, मग शेणाकडे पाहिलं. त्याने मात्र बूट काढले, पायजमा दुमडला आणि चांदीशी काहीतरी हळू बोलत तिच्या पुढच्या पायांशी गुडघ्यावर बसला. त्याने शेपटीला हात लावला नाही. आपली मूठ छातीखालच्या त्या हाडामागे ठेवून वर दाबली. चांदी कण्हली. मग उठून त्याने खांद्यामधल्या उंचवट्यावरची कातडी दोन्ही हातांनी चिमटीत धरून दाबली. निरोगी म्हैस अशा वेळी पाठ खाली झुकवते. चांदीने पाठ हलवली नाही, नुसतीच कण्हली. तिच्या मानेची शीर दोरखंडासारखी फुगलेली होती आणि तिच्यात रक्त उलटं हलताना दिसत होतं.

"आजी, हिने लोखंड गिळलंय," तो म्हणाला. "खिळा नाहीतर तार. पोटातून पुढे सरकून ते काळजापर्यंत गेलंय."

"माझी म्हैस लोखंड खायला उपाशी नव्हती."

"उपाशी असून खात नाहीत. गुरांना वरच्या जबड्यात पुढे दात नसतात. जिभेने गवत ओढून घेतात आणि तसंच गिळतात, चावायचं मागाहून. आणि जिभेवरचे काटे आतल्या बाजूला झुकलेले असतात. एकदा जिभेवर गेलेली वस्तू थुंकता येत नाही."

"औषध?"

डॉक्टरने चष्मा पुसला. "महिन्यापूर्वी पोट उघडून काढता आलं असतं. आता नाही."

तो गेल्यावर कातरीनबाय गोठ्याच्या दारात उभी राहिली. मरोळचा दत्ताराम तेव्हा ओट्यावर होता. पावसाळ्याआधी त्याला एक म्हैस घ्यायची होती आणि तेवढ्यासाठी तो आठवड्यातून दोनदा येऊन बसे. त्याच्यासमोर, मॉनिकासमोर, ती हर्बर्टला म्हणाली, "तुझ्या विजारीच्या दुमडीतून रोज खिळे पडतात. मी झाडलेत. गोठ्यात तू त्याच विजारीने येतोस."

"आय, मी विजार बाहेर झाडून येतो. रोज."

"मग लोखंड काय आभाळातून आलं? शेती करणाऱ्या घरात तू कारखाना आणलास. चांदी मेली तर मी तिला खळ्यावर उघडून बघणार. तुझ्या कारखान्याचं लोखंड निघालं, तर तू आणि तुझी बायको घाटकोपरला खोली बघा. या उंबऱ्याच्या आत नको."

हर्बर्टचा बाप याच घरात गेला होता, शेताचा प्रत्येक बांध हर्बर्टने स्वतः लिंपलेला होता. तो हळूच म्हणाला, "आणि नाय निघालं तर?"

"तर मी पुन्हा कुणाच्या गुराला हात लावणार नाय. क्रुसाची आण."

दत्ताराम उठून उभा राहिला. "मावशी, आण कशाला..."

"तू बस. तू साक्षीला हायस."

चार दिवस चांदी उभी होती. बसली तर उठता येणार नाही हे तिला कळत असावं. कातरीनबाय तिच्या तोंडाशी पाणी धरायची, ती ओठ बुडवायची आणि तसेच बाहेर काढायची. पाचव्या दिवशी दुपारी, ऊन खळ्यावर पसरलेलं असताना, तिचे पुढचे गुडघे वाकले. ती मान कातरीनबायच्या मांडीवर टाकून थोडा वेळ श्वास घेत राहिली. मग राहिली नाही. पोटातलं पारडू त्यानंतरही दोनदा हललं, आणि मग तेही थांबलं.

कातडं न्यायला माणूस आला होता. कातरीनबायने त्याला परत पाठवलं आणि हर्बर्टला सांगितलं, "डाक्टरला बोलव. मला आतलं दाखवायला सांग."

नंदकिशोर संध्याकाळच्या आधी आला. खळ्यावर चांदीला डाव्या कुशीवरून उजवीकडे वळवलं. हर्बर्ट, दत्ताराम आणि गावठाणातली चार माणसं उभी होती. ल्युसी कुंपणापलीकडे उभी होती. मॉनिका पाण्याच्या बादल्या घेऊन होती. "माशाला घाबरत नाय मी," ती म्हणाली, "हिलापण नाय."

डॉक्टरने डाव्या कुशीच्या मागून कातडी उघडली. कातरीनबाय त्याच्या शेजारी उकिडवी बसली. इतकी वर्षं ज्या खळग्यात ती मूठ दाबत होती, त्याच्या आत काय होतं ते तिने पहिल्यांदा पाहिलं. पोत्याएवढं राखाडी पोट.

"हे पहिलं," डॉक्टर म्हणाला. "गुराला पोटाचे चार कप्पे. दिवसभर चरलेलं सगळं इथे भरून ठेवायचं, चावायला वेळ नाही म्हणून. निवांत बसलं की इथूनच घास घास वर आणायचा. तुमच्या मुठीला ढकलायचं ते हे."

"आणि हे?"

"हे तिसरं, पुस्तकासारखं. पानं असतात आत, बघा. गवतातलं पाणी पिळून घेतात."

"किती पानं?"

"शंभराच्या आसपास."

"मी दुसरीत शाळा सोडली," कातरीनबाय म्हणाली.

कुणी हसलं नाही. ती हसावं म्हणून बोललीही नव्हती.

"हे चौथं, आपल्या पोटासारखं, खरं पचतं ते इथे. आणि हे," त्याने हात पुढे, बरगड्यांच्या आत घातला, "हे दुसरं, जाळीचं पोट. मधाच्या पोळ्यासारखं आहे आतून. जड वस्तू गिळली की ती पुढे जात नाही, या घरांत येऊन अडकते. जनावर वाचावं म्हणूनच अशी रचना. पण वस्तू टोकदार असली तर..."

त्याने ते उलगडलं. आतली घरं एकेक दिसली, सारखी, नेटकी, कुणी बसून विणल्यासारखी. कातरीनबायने त्यांवरून बोट फिरवलं. पुढच्या भिंतीला एक जागा काळी पडून घट्ट झाली होती. त्या जागेला लागून श्वासाचा पडदा होता, आणि पडद्याच्या त्या बाजूला, तळहाताच्या जाडीएवढ्या अंतरावर, काळीज. काळजाभोवती पिवळट, खरवडीसारखा थर बसला होता. तेवढ्या थरात त्याला हलायला जागा उरली नव्हती.

"म्हणून ती उतारावर जात नव्हती," डॉक्टर म्हणाला. "उतारावर सगळं पोट पुढे येतं, टोक आणखी आत जातं. कोपरं बाहेर टाकायची, ती काळजाला जागा करून द्यायला. आणि पारडू वाढत गेलं तसं ते मागून ढकलत गेलं. तिचा दोष नाही, पारड्याचा नाही."

त्याने चिमट्याने ओढलं. वीतभर तार निघाली. काळी पडलेली, पण ताठ.

हर्बर्टने ती पाहिली. खिळ्यांसाठी रोज ज्या भेंडोळ्यातून तो तार सोडायचा, त्याच जाडीची. त्याने मान खाली घातली, आणि त्या मान घालण्यातच सगळ्यांना उत्तर मिळालं. दत्ताराम दुसरीकडे बघू लागला. कुंपणापलीकडून ल्युसी हळूच पुटपुटली, "कारखान्याचीच."

डॉक्टरने तार बादलीत बुडवून कातरीनबायच्या हातावर ठेवली. तिने ती पदराने पुसली. एक टोक घासून सुईसारखं झालं होतं. दुसऱ्या टोकाला तीन वेढे होते, आणि शेवटचं टोक आत वळवलेलं.

तिने पुन्हा पुसलं. वेढे तीनच होते.

तिने वर पाहिलं. मॉनिका बादलीशी वाकलेली होती आणि तिची नजर त्याच तारेवर होती. पाकळ्या तिने कापल्या होत्या. सातवं फूल कमी आहे हेही तिनेच सांगितलं होतं. मॉनिकाने सासूच्या डोळ्यांत पाहिलं, मग बादली उचलली आणि विहिरीकडे वळली. ती बोलणार नव्हती. घाटकोपरला जावं लागलं असतं तरी बोलली नसती.

खळ्यावर कुणालाच घाई नव्हती. कातरीनबायने मूठ मिटली असती, तर वेढे मुठीत झाकले गेले असते आणि सगळं तिने म्हटल्याप्रमाणे झालं असतं. तार खरंच कारखान्याची होती. क्रुसासमोर सुद्धा ते खोटं ठरलं नसतं. तिला आठवलं, त्या दिवशी ओंजळ किती भरगच्च होती, आणि लोंब्या बघून घ्यायच्या सोडून ती कुंपणाकडे बघत होती, ल्युसी बघते आहे का ते.

"मॉनिका," तिने हाक मारली. "इकडे ये. बादली ठेव."

मॉनिका आली.

"हे कुणाच्या हातचं?"

मॉनिकाने ओले हात लुगड्याला पुसले.

"सांग. हे वेढे घरात कोण घालतं?"

"तुम्ही, आय."

कातरीनबायने तार वर धरली, ल्युसीलाही दिसेल अशी. "आगेऱ्याचं फूल हाय हे. सात केली होती, फळीवर सहा हायत. सातवं पडलं नाय, मी चांदीला भरवलं. याच हाताने. तार हर्बर्टने आणली ती मी मागितली म्हणून. त्याच्या विजारीतनं काय पडलं नाय. माझी आण मलाच लागली."

"आय, तार तर मीच..." हर्बर्ट म्हणाला.

"तू फावडं घे. आंब्याखाली खण. खोल खण, कुत्री काढतील." तिचा आवाज नेहमीसारखा होता, फक्त हात चांदीच्या उघड्या बरगडीवर होता आणि तो ती काढत नव्हती. "आणि पारडू तिच्या कुशीला ठेव."

अंधार पडायच्या आत खड्डा बुजला. हर्बर्टने खणला, दत्तारामने खणला, डॉक्टरने बूट बाजूला ठेवून माती ओढली. ल्युसीने मेणबत्ती आणून दिली आणि कातरीनबायने ती घेतली. रात्रीच्या प्रार्थनेआधी तिने फळीवरची सहा फुलं खाली उतरवली, तारा ओढून काढल्या, आणि हर्बर्टच्या हातावर ठेवल्या.

"कारखान्यात परत दे," ती म्हणाली. कागद तिने चुलीत घातले.

पंधरा दिवसांनी दत्ताराम एक म्हैस घेऊन आला. ओट्यापाशी थांबला, आणि तोंड उघडावं की नाही या विचारात घुटमळला.

"मावशी, आण घेतलीस ती मला ठाऊक हाय. साक्षीला मीच होतो. नुसतं लांबून बघ."

"लांबून बघायला तुला डोळे हायत ना?" कातरीनबाय ओट्यावर बसून होती, दोन्ही हात पदराखाली. तिने घराकडे तोंड करून हाक मारली, "मॉनिका, हात धुऊन ये."

मॉनिका आली.

"शेपटीकडून. घाबरू नको, लाथ मारणारी मान आधी वळवते. गोंडा कुठवर?"

"ढोपराच्या खाली, आय."

"कास?"

मॉनिकाने तळहात ठेवला. तिने डोळे मिटले नाहीत; ते तिला शिकायचं होतं अजून. कातरीनबाय विचारत गेली, मॉनिका सांगत गेली. शीर, खळगा, खुरं, कान, दात. पदराखाली कातरीनबायची बोटं तिच्याही नकळत हलत होती. नाकाडावर घाम होता. दत्तारामने सुटकेचा श्वास टाकला आणि दोर आवळला.

"थांब," कातरीनबाय म्हणाली. "मॉनिका, खाली बस. पुढच्या पायांच्या मधे. हाडामागे मूठ ठेव आणि वर दाब."

मॉनिका गुडघ्यावर बसली. म्हशीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि रवंथ करत राहिली.

"कण्हली?"

"नाय."

"आता मूठ उघड. कोपराच्या मागे, डावीकडे हात ठेव. काय लागतं?"

मॉनिका बराच वेळ हात ठेवून बसली. दत्ताराम काही बोलणार होता, कातरीनबायने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"ठोके," मॉनिका म्हणाली. "एकसारखे. लांबून येतात तसे."

"लांबूनच यायला हवेत. म्हणजे काळजाला हलायला जागा हाय," कातरीनबाय म्हणाली. ती आंब्याकडे बघत होती. मग दत्तारामकडे वळली. "ने. आणि हिला खायला घालताना गवत हाताने चाळून घाल. रोज. सणाच्या दिवशी तर दोनदा."